नाताळचा पेला

लीलाबाई दर नाताळला शेजारी एक पेला आणून द्यायच्या, आणि अरुंधती तो दर नाताळला मागच्या दारच्या अळूच्या वाफ्यात ओतून टाकायची. पाच वर्षं हा क्रम चुकला नाही. लोणावळ्याच्या थंडीत बाकीच्यांचं अळू मान टाकतं आणि आपलंच तेवढं कसं माजतं, असं तिचा नवरा चिंतामणी हसून विचारायचा. तो मालधक्क्यावर कारकून होता, इंग्रजी वाचणारा. पेल्यातल्या त्या एगनॉगला त्यानं 'नागदूध' असं नाव ठेवलं होतं.

लीलाबाई ख्रिस्ती. नगरकडच्या मिशनात वाढलेल्या, विधवा, इथल्या दवाखान्यात नर्स. दोन्ही घरांची परसं लागून. नाताळच्या आदल्या दिवशी त्या मोठं पातेलंभर एगनॉग करायच्या. दूध, अंडी, साखर, जायफळ आणि वर ब्रँडीची धार. रात्रीच्या प्रार्थनेनंतर दवाखान्यातली आणि चर्चमधली माणसं ते प्यायला जमायची. पण त्याआधी, दिवेलागणीला, नवं लुगडं नेसून त्या अरुंधतीच्या दारात उभ्या राहायच्या. हातात झाकलेला पेला.

पहिल्या वर्षी त्या म्हणाल्या होत्या, "घ्या वहिनी, तुम्हाला चालेल हं हे."

अरुंधतीला मनातून हसू आलं होतं. आम्हाला काय चालतं ते आता ह्या सांगणार! चातुर्मासात कांदासुद्धा घरात न येऊ देणारी ती; अंड्याचं टरफल रस्त्यात दिसलं तरी तिला मळमळायचं. पण सणाच्या दिवशी दारात आलेल्या बाईला नाही कसं म्हणायचं? पेला घेतला, कडी लावली आणि सरळ अळूत रिकामा केला. दुसऱ्या दिवशी राखेनं लख्ख घासून, त्यात मूठभर साखरफुटाणे घालून परत दिला आणि वर म्हणाली, "फारच छान झालं होतं हो! जायफळ तर अगदी बेताचं."

लीलाबाईंचा चेहरा असा काही फुलला, की पुढच्या वर्षी खरं बोलायची सोयच राहिली नाही. खोट्याचं असंच असतं. एकदा पाटावर बसवलं की दर सणाला त्याचं पान मांडावं लागतं.

आता सगळं अंड्याच्याच माथी मारणं बरोबर नाही. अंडं नसतं तरी ख्रिस्ती घरातला पेला अरुंधतीनं तोंडाला लावला असता का, हे तिचं तिलाच ठाऊक. आणि तेही कुणाच्या हातचा? चंद्रिकेच्या वेळी ती अडली तेव्हा दीड दिवस उशाशी बसून लीलाबाईंनीच मायलेकींना सोडवलं होतं. त्यांच्या हातचं औषध तिनं घटाघटा प्यायलं होतं. औषधाला विटाळ नसतो ना! पुढे दुपारच्या वेळी परसात दोघी गप्पा मारत बसायच्या, एकमेकींची सुखदुःखं ऐकायच्या. माहेरच्या बहिणीला सांगितलं नाही ते अरुंधतीनं लीलाबाईंना सांगितलं होतं. सांगितलं नव्हतं ते फक्त अळूचं.

सदतीस सालच्या डिसेंबरात लीलाबाई दवाखान्याच्या पायरीवरून घसरल्या आणि उजवं मनगट मोडून बसल्या. हात प्लास्टरमध्ये, गळ्यात झोळी. चोवीस तारखेला दुपारी त्यांनी परसातून हाक मारली.

"वहिनी, जरा येता का? एका हातानं जायफळ किसवत नाही. अंड्यांना तुम्ही हात लावायचा नाही, ती झुंबरबाई बघेल."

अरुंधती गेली. नाही म्हणायला तोंडच नव्हतं. झुंबरबाई ही वडिवळ्याची. कामशेतला गाडी पकडून आठवड्यातून दोनदा अंडी विकायला यायची. भाताच्या तुसात नीट बसवलेल्या अंड्यांची पाटी घेऊन ती मागच्या पायरीवर बसली होती, उंबऱ्याच्या बाहेर.

"बाई, आता आत आनू का अंडी?" तिनं विचारलं.

"थांब जरा," आतून लीलाबाई म्हणाल्या.

चुलीशेजारी एक नवंकोरं मातीचं बोळकं होतं. त्यात आटवून गार केलेलं दाट, केशरी दूध. लीलाबाईंनी अरुंधतीला पाटा दाखवला. "भिजवलेले बदाम आहेत, तेवढे वाटा. मग जायफळ. पाटा आणि किसणी दोन्ही धुतलेली आहेत."

अरुंधती वाटायला बसली. पायरीवरच्या झुंबरबाईला गप्प बसण्याची सवय नव्हती.

"दर वर्साला मला हितंच बसवून ठेवत्यात बगा बाई," ती अरुंधतीला म्हणाली. "म्हनत्यात, शेजारच्या वैनींचं झाल्याबिगर अंडं आत आनायचं न्हाई. त्यांचं दूद येगळं, भांडं येगळं. ते बोळकंबी दर साली नवं आनत्यात. दारूचा थेंब न्हाई त्यात. मी म्हनते, लय सोवळं बाई तुमचं! आन त्या वैनी तुमीच व्हय?"

अरुंधतीचा वरवंटा थांबला.

"अगं, त्यात सांगण्यासारखं काय आहे?" लीलाबाई ओशाळून म्हणाल्या. "त्यांना अंडं चालत नाही, मग त्यांच्यात कसं घालणार? अंड्याच्या दाटपणाला बदाम, रंगाला केशर. चव मात्र तीच यायला हवी. दोन नाताळ गेले तेव्हा कुठे मला जमलं. पण वहिनींना पहिल्याच वर्षी आवडलं होतं."

तुम्हाला चालेल हं हे. त्या बाईनं खरंच चालेल असंच केलं होतं, आणि ते सांगितलंही होतं. अरुंधतीला वाटलं, आत्ताच्या आत्ता ह्या पाट्याखाली जमिनीनं आपल्याला ओढून घ्यावं. पाच वर्षं. केशर, बदाम, नवी बोळकी. आपण नाक दाबून, पदर सावरून अळूत ओतत होतो, आणि वर घरात येऊन हात धूत होतो!

तिनं खाली मान घालून बदाम वाटले, दुधात कालवले, जायफळ किसलं. सांगून टाकावं, असं दोनदा ओठांवर आलं. पण झुंबरबाई बसलेली. आणि ती नसती तर सांगितलं असतं का? नसतंच. आता निदान हे कळू नये, एवढीच तिची धडपड होती. आजपासून पेला खरंच पिऊ, मागचं मागं पडेल, असं तिनं मनाशी ठरवूनसुद्धा टाकलं.

लीलाबाईंनी डाव्या हातानं पेल्यात थोडं ओतलं आणि पुढे केलं.

"बघा बरं. ह्या खेपेला हात तुमचा आहे. नेहमीसारखं झालंय का?"

अरुंधतीनं पेला घेतला. सोवळंओवळं तिच्या मनातही आलं नाही, इतकी ती घाबरली होती. घोट घेतला. दाट, थंड, केशराचा वास, मागून जायफळ. गोड मात्र नव्हतं. आटलेल्या दुधाची असते तेवढीच गोडी.

ती चपापली. हे असंच असतं का? साहेबलोकांचं पेय, नसेलही घालत साखर. अगोड आहे म्हणावं आणि ते नेहमीच तसं असलं तर? पाच वर्षं प्यायलेल्या बाईला हे ठाऊक नको? लीलाबाई तिच्या तोंडाकडे बघत होत्या, पहिल्या वर्षी बघत होत्या तशाच.

"अगदी नेहमीसारखं," अरुंधती म्हणाली. "तीच गोडी."

 लीलाबाईंनी फळीवरचा डबा डाव्या हातानं खाली काढला आणि तिच्यापुढे ठेवला.

"साखर घालायची आहे अजून," त्या म्हणाल्या. "ती मी शेवटी घालते. तुम्हाला गोड लागतं ना बरंच, म्हणून चार चमचे घालत होते."

 झुंबरबाईलासुद्धा काहीतरी उमगलं असावं, कारण ती पाटीतलं तूस उगाच सारखं करत बसली. अरुंधतीनं बोळक्यात साखर घातली, ढवळलं, पेला भरून घेतला आणि तिथंच, उभ्यानं, सगळा पेला संपवला. फार सुरेख लागत होतं. आयुष्यात इतकं सुरेख काही प्यायलं नव्हतं, आणि ते बोलून दाखवायचा हक्क तिनं आपल्या हातानं घालवला होता.

"लीलाबाई, मी..."

"राहू द्या, वहिनी," लीलाबाई म्हणाल्या. "हात दुखले असतील तुमचे. जा आता, चंद्रिका उठली असेल. झुंबरबाई, आण गं अंडी आत."

त्यांनी कधी एक शब्द विचारला नाही. परसातल्या गप्पाही चालू राहिल्या. हवा, भाजी, दवाखाना. जीवाभावाचं मात्र पुन्हा त्यांनी काही सांगितलं नाही. अरुंधती सांगू लागली की त्या ऐकून घ्यायच्या आणि हातातलं काम आठवून उठायच्या. वर्षभरात अरुंधतीनं मनातल्या मनात शंभरदा माफी मागितली. परसाच्या गडग्यापलीकडे मात्र एकदाही नाही.

पुढच्या नाताळची ती वाट बघत राहिली. पेला येईल, दारातच त्यांच्यासमोर पिऊ, सगळं कबूल करू, रडू आलं तर रडू. दिवेलागणीला ती दारातच उभी होती. लीलाबाई आल्या, नवं लुगडं नेसून, नेहमीसारख्याच हसतमुख. हातात ताटली होती, आणि ताटलीत अर्धा डझन केळी.

"सालीसकट आहेत, वहिनी," त्या म्हणाल्या. "फळाला काही नसतं."

आवाजात टोमणा नव्हता, राग नव्हता. राग असता तर अरुंधतीनं त्यांचे पाय धरले असते. पण त्यांनी तिची अडचण ओळखून खरोखरच तिची सोय केली होती. पलीकडच्या घरातून जायफळाचा वास येत होता. मला तुमचा तो पेला हवा होता, एवढंच तिला म्हणायचं होतं. ती ताटली घेऊन उभी राहिली आणि म्हणाली, "बरं झालं हो, केळी संपलीच होती घरातली."