मार्थाचा डावा डोळा

काडीच्या टोकाला गुंडाळलेला कापूस, त्यावर उतरलेला राखाडी रंग.

सतराव्या शतकातली पांढरी टोपी. शिवलेली मात्र १८७० नंतर.

खिडकीबाहेर थांबलेली बस, तिच्या पुढच्या रॅकवर बर्फाने माखलेली सायकल.

आई, दर वेळी फोनवर: "मेलेल्या माणसाच्या चित्राला उष्टं लावतेस? आणि त्याचा पगार देतात?"

एक डोळा. डावा.

...तो डोळा सुलेखाकडे पाहत होता, आणि फोन ठेवून दहा मिनिटं झाली तरी ओली काडी तोंडातून काढायचं तिला सुचलं नव्हतं. जुनी चित्रं थुंकीने साफ करतात, सगळ्याच म्युझियममध्ये करतात, थुंकीइतकं सौम्य काही नाही — हे आईला कधी पटलं नाही, आणि आज पहिल्यांदाच सुलेखालाही तोंडात काहीतरी परकं असल्यासारखं वाटत होतं.

एझ्रा व्हिटलॉकने जन्मभर स्वतःच्या आधीची दोनशे वर्षं रंगवली. वसाहतीतली स्वयंपाकघरं, चरखे, प्रार्थनेला निघालेली कुटुंबं... त्यासाठी जुन्या धर्तीचे कपडे पेटीभर शिवून घेतले आणि ते घालून बायकोला, मार्थाला, समोर बसवलं. त्रेचाळीस चित्रांत मार्था आहे. फक्त या शेवटच्या चित्रात ती नाही: टेबलाभोवती कुटुंब, ताटल्या मांडलेल्या, एक खुर्ची रिकामी. पहिल्या हिवाळ्यात मेलेल्यांची खुर्ची, असं भिंतीवरच्या पाटीवर लिहिलंय. लोक त्या खुर्चीपुढे गप्प होतात. सुलेखाही झाली होती, अमेरिकेतल्या, ॲन आर्बरमधल्या तिच्या पहिल्या हिवाळ्यात, २००१ साली, आणि मग याच माणसावर प्रबंध लिहिला, त्या खुर्चीवर एक अख्खं प्रकरण...

खुर्चीवरचा राखाडी रंग पाण्याने सुटला होता. पाण्याने सुटतो तो रंग चित्रकाराचा नसतो, मागाहून कुणीतरी डागडुजीला फासलेला असतो — असं तिला शिकवलेलं, तिनेही पुढे शिकवलेलं. म्हणून तीन दिवस ती पुसत राहिली. टोपी आली, कान आला.

आणि आज सकाळी हा फोन, ग्रंथालयातल्या सीमाचा.

"तुझ्या एझ्राची वही सापडली बाई. लास्ट पेंटिंगची एंट्री आहे. वाचू?"

"वाच ना."

"'मार्था सारखी माझ्याकडे पाहते. आज सरसाच्या रंगाने तिला बुजवली. चित्र आता बरं वाटतं.' क्रीपी आहे यार... हॅलो? खुर्चीला अजून टच नाही ना केलंस?"

"नाही," सुलेखा म्हणाली.

इतक्या सहज म्हणाली, की तो 'नाही' दुसऱ्याच कुणीतरी उच्चारल्यासारखा अजून खोलीत होता. चार वाजता साफसफाईच्या अहवालावर सही. सरसाचा रंगही पाण्याने सुटतो; खरं लिहिलं तर चित्रकाराचा शेवटचा हात तिने पुसला, कायमचा. नोकरी जाईल, नोकरीबरोबर व्हिसा. राखाडी रंग पुन्हा लावता येतो, अर्ध्या तासाचं काम, कुणाला कळणारही नाही... मार्थाला पुन्हा बुजवायची. या वेळी मी.

ब्रश हाताशीच होता. ती पाहत राहिली. भीती होतीच, पण भीतीच्या खाली काहीतरी वेगळंच हललं होतं, त्याची तिला अधिक दहशत बसली — उजव्या डोळ्यावरचा रंग अजून तसाच होता, आणि तिच्या तोंडात पाणी जमा होत होतं.

मार्था व्हिटलॉक नवरा मेल्यावरही एकवीस वर्षं जगली.