विरजणाची वंशावळ

कुंडलिकअण्णांच्या घराण्याच्या एकवीस पिढ्या हेळव्याला तोंडपाठ होत्या. वंशावळी सांगत फिरणारा हा हेळवी दर दोन-तीन वर्षांनी बैलावर बसून सोलापुरातल्या आमच्या बोळात येई, अण्णांच्या ओसरीवर मांडी ठोकी आणि मूळपुरुषापासून एकेक नाव म्हणायला लागे. अण्णा डोळे मिटून ऐकत. एकवीस पिढ्यांत कुणी काही केल्याचा उल्लेख नव्हता, सगळे नुसते जन्मले होते. पण अण्णांना तेवढं पुरे.

अण्णा कचेरीतून हेडक्लार्क म्हणून निवृत्त झाले होते. अर्ज लिहिण्याची खोड मात्र अजून नोकरीत होती. तेहेतीस सालच्या उन्हाळ्यात त्यांनी अर्ज लिहिला तो मायाक्काविरुद्ध.

मायाक्का सांगोल्याकडची धनगरीण. गुंडा नावाचा नवरा मेंढरं घेऊन आठ महिने रानोमाळ. ही बोळाच्या टोकाला मोकळ्या जागेत छपरात राही, एक म्हैस पाळी आणि दही विकी. छपराचं तोंड अण्णांच्या ओसरीकडं होतं आणि म्हशीची शेपटी छपराच्या तोंडाकडं. तंट्याचं मूळ एवढंच. पण अर्जात शेपटीचं कलम बसेना. तेवढ्यात अण्णांनी वर्तमानपत्रात जंतूंवरचा लेख वाचला आणि कलम सापडलं: सदर बाईचे दह्यात जंतू असून सबब छप्पर उठवण्यात यावे.

मंगळवारी अर्ज म्युनिसिपालटीत जायचा होता. जोडीला शास्त्राचा दाखला हवा, म्हणून शाळेतले धोंडीराम मास्तर रविवारी सकाळी पितळी सूक्ष्मदर्शक घेऊन ओसरीवर आले. बोळानं त्याचं नाव दुर्बीण ठेवलं आणि सगळा बोळ बघायला जमला. मायाक्काही आली, दह्याचं गाडगं काखेत घेऊन.

"छप्पर मोडलं तर म्हस कुटं बांदू, अण्णा?" ती म्हणाली. "तुमच्या ओसरीवर?"

अण्णांनी ऐकलं नाही. कचेरीत तीस वर्षं त्यांनी तेच केलं होतं.

मास्तरांनी दह्याचा ठिपका काचेवर पसरला, विणकरांच्या रंगाच्या हौदातून आणलेला निळा थेंब त्यावर टाकला, काच धुतली आणि दुर्बिणीखाली सरकवली. अण्णा वाकले. निळ्या काड्याच काड्या.

"जंतू!" मुलगा झाल्यासारखे अण्णा ओरडले. "लिहा मास्तर, शेकड्यांनी आहेत म्हणून."

"लिहितो. आता तुमच्या घरचं दही आणा."

"आमचं विरजण साठ वर्षांचं आहे. आईच्या हातचं. त्यात जंतू येतील कुठून?"

अण्णांच्या बायको गोजरबाई वाटी घेऊन आल्या, पण वाटी हातातून सुटेना. शेवटी मास्तरांनीच बोट बुडवलं. पुन्हा काच, पुन्हा निळा थेंब. त्याच काड्या.

"सख्ख्या बहिणी वाटतात," मास्तर म्हणाले.

अण्णांनी बायकोकडं बघितलं. गोजरबाईंनी पदर सावरला. "आता इचारताच हाय तर सांगते. सात वर्सांमागं तुमी तिरुपतीला गेला व्हता. मांजरानं गाडगं उलथवलं. मी मायाक्काकडनं चमचाभर विरजण आणलं."

"म्हणजे सात वर्षं मी..."

"वाटी चाटूनपुसून खाताय की. वर म्हणताय, आईच्या हातची चव हाय."

बोळ खदखदला. पण अण्णा मुरलेले कारकून. त्यांनी तिथंही वाट काढली. "सात वर्षांपूर्वीचे जंतू केव्हाच मेले. आताचे आमच्या घरात जन्मले, म्हणजे आमचे झाले."

"मेले नाहीत," मास्तर म्हणाले. "ते मरून मागं पोरं ठेवत नाहीत. त्यांची रीत वेगळी आहे. रंगानं जंतू मरतात, म्हणून आता बिनरंगाचं दाखवतो." त्यांनी कोमट पाणी घातलेल्या दुधाच्या थेंबात कणभर दही मिसळलं आणि एका काडीवर नेम धरला.

"बाळंतपण हाय व्हय?" म्हणत आमची सुईण सारजाबाई पुढं आली. "मंग सरका. हे माजं काम."

ती दुर्बिणीला डोळा लावून बसली ती अर्धा तास उठली नाही.

"आदी काय करतीया ही?"

"खाते. खाऊन वाढते. अंगात जे जे आहे ते ते दुप्पट करून ठेवते."

"शानी हाय. पुडची तयारी आदी." थोड्या वेळानं, "लांब झाली गं बाई! मगाशी जिऱ्यावानी व्हती." मग एकदम, "कंबर आवळली! पानी तापवा कुनीतरी!"

एक बाई खरंच उठली.

"सुटली!" सारजाबाई मान वर करून म्हणाली. पुन्हा वाकली आणि चक्रावली. "मास्तर, ह्यातली आई कंची आन् लेकरू कंचं?"

"आई नाही आणि लेकरू नाही. निम्मी आई हिच्यात, निम्मी तिच्यात. दोघी एका वयाच्या."

"मंग बारसं कुनाचं करायचं? आन् मला लुगडं कोन देनार?" सारजाबाईला सृष्टीची ही व्यवस्था मुळीच पसंत पडली नाही. "आन् बाप?"

"बाप लागत नाही."

मागून शेजारच्या सोनाबाईचा आवाज आला, "बरं हाय की." सोनाबाईचा नवरा चप्पल शोधायला लागला.

"असं दर अर्ध्या तासाला," मास्तर शाळेतल्यासारखे सांगू लागले. "दिवेलागणीला विरजण लावलं की पहाटे साडेपाचपर्यंत एकवीस पिढ्या होतात."

एकवीस! अण्णांचा चेहरा आंबला. हेळव्याला बैलावरून यायला लागे तेवढ्या वेळात मायाक्काचं गाडगं त्यांच्या घराण्याची बरोबरी करत होतं.

"मग एवढ्यानं सोलापूर बुडलं कसं नाही?" मी विचारलं.

"दही आंबट झालं की त्यांचं त्यांनाच सोसत नाही. वाढणं थांबतं."

"मानसांपरीस बरी," मायाक्का म्हणाली.

अण्णा उठले. घरातलं सगळं दही गटारात ओतायला लावलं, गाडगी राखेनं घासून घेतली आणि जाहीर केलं, दाखला असो नसो, मंगळवारी अर्ज जाणार.

पण सोलापूरचा मे महिना आणि अण्णांचं पित्त, दोन्ही ताकावाचून आवरणारं नव्हतं. त्या संध्याकाळी त्यांनी दुधात मिरचीचे देठ टाकायला लावले. सकाळी दुधाला तार आली, दही आलं नाही. दुसऱ्या भांड्यात चिंच टाकली होती, तिसऱ्यात चांदीचा रुपया. रुपया स्वच्छ झाला. वैरागच्या बहिणीकडनं विरजण मागवू म्हणाले, तर गोजरबाई म्हणाल्या, "वन्संनी गेल्या दिवाळीत हितनंच न्हेलंय." शेजारीपाजारी विचारावं तर सगळ्यांची गाडगी मायाक्काच्याच माहेरवाशिणी. सोमवारी दुपारी अण्णा पोटाला ओलं फडकं बांधून आडवे झाले.

दिवेलागणीला ते वाटी घेऊन छपरापाशी गेले. मी ओसरीवरून बघत होतो. म्हशीनं शेपटी हलवून स्वागत केलं.

"मायाक्का, चमचाभर..."

"दिवं लागलं की, अण्णा. आता विरजण घराभाईर जात न्हाय. रीत हाय. सकाळी या." ती थांबली. "तवर छप्पर जाग्यावर ऱ्हायलं तर."

रीत मोडा असं अण्णांना म्हणवेना. एकवीस पिढ्या आडव्या आल्या.

मंगळवारी उजाडताच ते पुन्हा गेले. हातात वाटी, बगलेत अर्ज. तिथूनच म्युनिसिपालटीत जायचं की घरी, हे बहुधा ठरलं नसावं. मायाक्कानं वाटीत चमचाभर दही घातलं आणि म्हणाली, "झाकून न्या. धूळ लई उडतीया. दह्यात जंतू पडत्याल."

अण्णांनी इकडंतिकडं बघितलं. झाकायला दुसरं काही नव्हतं. त्यांनी अर्ज वाटीवर ठेवला, वरून हातानं दाबला आणि घराकडं चालू लागले.

ओसरीवर येईतो कागद भिजला होता. गोजरबाईंनी उचलला तर मधोमध फाटला. सारजाबाई तिथंच बसली होती. तिनं सवयीनं विचारलं, "झालं का दोन?"

"झालं."

"जगतील?"

गोजरबाईंनी दोन्ही तुकडे चुलीत घातले आणि त्यावर दूध तापायला ठेवलं.