पिठात पडलेला कालचा भात

माहूरच्या आईला सिंधुबाईंनी नवस बोलला, तेव्हा त्यांचे दोन्ही हात माझ्यातल्या पिठात होते. नात सृष्टी तापानं फणफणली होती. "आई, लेकरू उठून बसू दे. जन्मभर जेवताना मुकी राहीन," त्या पुटपुटल्या. ऐकणारी मी एकटीच. मी काठवट बोलतेय, मुखेडजवळच्या एका घरातली, भाकरीचं पीठ मळायची.

माझा जन्म बाभळीच्या बुंध्यातला. माळेगावच्या यात्रेत सुतारानं मला विकायला मांडलं होतं. ग्यानोबांनी मला उलटी धरून बोटांनी वाजवून पाहिलं आणि नव्या नवरीसाठी, म्हणजे सिंधुबाईंसाठी, डोक्यावर घेऊन गावी आणलं. पुढं सिंधुबाईंच्या तळहातांनी मी झिजत, गुळगुळीत होत गेले. सून शिल्पानं स्टीलची परात आणली, तरी त्या मलाच काढायच्या.

सृष्टी बरी झाली आणि सिंधुबाईंनी घरात सांगून नवस पाळला. ताटावर बसल्या की एक शब्द नाही. मीठ हवं असलं तर बोटानं खूण.

ग्यानोबा हसायचे, "बरं झालं माय! चार घास निवांत खाऊन राहिलो."

पुढं काही वर्षांनी सिंधुबाईंचा घास अडायला लागला. भाकर गळ्याशीच थांबायची, पाणी प्यायल्या की गळ्यात गुडगुड वाजायचं. सांगावं, तर जेवताना बोलायचं नाही. आणि जेवण झालं की वाटायचं, जाऊ दे, म्हातारपण आहे. त्यांनी उपासाचा आडोसा घेतला. सोमवार होताच, मग मंगळवार आला, शुक्रवारही आला. भाकरीच्या जागी भगर, कधी उपास सोडायला चिमूटभर मऊ भात, तर कधी नुसतं ताक. शेजारची महादेवी पाया पडून गेली, "काकी, तुमच्यावाणी उपास कुणाला जमतेत!"

मळताना त्यांच्या हाताचा भार हलका होत चालला होता. मला कळत होतं. पण काठवटीचं कोण ऐकणार?

मग प्रसादाचा शिराही उतरेना. त्या दिवशी देव्हाऱ्यासमोर बसून त्या रडल्या. "आई, माझ्या हातचं तू घेतीस, मग तुझं मला का देईनास?" देवी रुसली, अशीच त्यांची समजूत झाली.

एका मंगळवारी सकाळी त्या माझ्यावर वाकून पीठ मळत होत्या. खोकल्याची उबळ आली आणि तोंडातून काहीतरी पिठात पडलं. शिल्पानं उचलून पाहिलं. आदल्या संध्याकाळी सोमवार सोडताना खाल्लेला भात, जसाच्या तसा.

दुपारी शिल्पानं सासूपुढं ताट वाढलं आणि समोर मांडी घालून बसली.

"आत्या, आजचा उपास ऱ्हाऊ द्या. माझ्यासमोर एक घास खावा."

सिंधुबाईंनी घास तोंडात घेतला. डोळे भरून आले. सगळं घर बघत होतं.

"जात न्हाई गं, शिल्पे," त्या म्हणाल्या. "लई दिवस झाले, जात न्हाई." आणि लगेच तोंडावर पदर धरला. "अगं आई! नवस मोडला माझा!"

ग्यानोबा पुढं सरकले. "मुकी राहीन म्हणालीस तू. उपाशी मरीन म्हणाली होतीस का?"

मुलगा वैजनाथ आई-वडिलांना नांदेडला घेऊन गेला. पुढचं त्यानं घरी येऊन सांगितलेलं. डॉक्टरांनी पांढरं औषध पाजून गळ्याचे फोटो काढले. अन्ननळीच्या तोंडाशी, मागच्या बाजूला, एक पिशवी झाली होती. घास पोटात जायच्या ऐवजी तिच्यात पडून राहायचा आणि वाकलं की परत वर यायचा.

"गळा कापावा लागतो का?" सिंधुबाईंनी विचारलं.

"नाही आजी. भूल देऊन तोंडातूनच दुर्बीण घालायची. पिशवी आणि अन्ननळी यांच्यामधली भिंत कापली की अन्न अडकून राहत नाही. थोडा धोका असतो, पण आम्ही जपून करतो."

"म्हंजे मधला बांध फोडून पाणी खालच्या वावरात सोडल्यावाणी!" ग्यानोबा म्हणाले. डॉक्टर हसले आणि हो म्हणाले.

तेवढे दिवस मी भिंतीला टेकून होते. अंगावर धूळ, कडेला मुंग्या. ऑपरेशन होऊन सिंधुबाई परतल्या, त्या आधी पातळ पेजेवर होत्या, मग मऊ भातावर. डॉक्टरांनी मोकळीक दिली त्या दिवशी त्यांनी मला पुसलं, पीठ घेतलं. हाताचा भार अजून हलकाच होता, पण थापताना बांगड्या वाजत होत्या.

भाकरीचा घास वरणात बुडवून त्यांनी तोंडात टाकला. सगळे त्यांच्या गळ्याकडं बघत होते. घास उतरला. गळ्यात गुडगुड नाही.

"गेला!" सृष्टी ओरडली.

सिंधुबाईंनी ताटावरूनच हात जोडले. "आई, मुकेपणाचा नवस तुझ्या पायाशी ठेवते. आता दुसरा घे. जेवायला बसले की आधी पंगतीतल्याला घास उतरतोय का विचारीन, आणि माझं दुखणं उपासाखाली झाकणार न्हाई."

माझ्या कडेला आता तडा गेलाय. ग्यानोबांनी पत्र्याची पट्टी ठोकलीय, त्यावर चालतंय. माझं एक मागणं आहे. उपास करा, देवाचं सगळं करा. पण तुमच्या घरात कुणी सारखं "माझा उपास हाय" म्हणत असेल, तर ताट वाढून त्या माणसासमोर बसा आणि विचारा, घास उतरतोय ना? सिंधुबाईंसारखा एवढा नवस तुम्हीही बोला. आजच्या जेवणापासूनच पाळा.