पाणी न लागलेलं जहाज

नेसरीच्या गुंडू खलाशाचं पत्र आठवलं, की सोमलिंगअण्णा जेवता जेवता ताटावरून उठायचे. सात वर्षं झाली, उत्तर गेलं नव्हतं.

चूक म्हणावी तर अण्णांची नव्हतीच. ग्रंथपालाची नोकरी संपल्यावर त्यांनी कोल्हापुरातल्या एका दैनिकात आरमारावर लेख लिहिले. 'सरखेलांच्या नावाची जहाजं' या लेखात, कान्होजी आंग्र्यांविषयी लिहिता लिहिता, एक ओळ त्यांनी ऐटीत टाकली: 'आय.एन.एस. आंग्रे हे जहाज नव्हेच. तो मुंबईतला जमिनीवरचा तळ आहे.' आयुष्यभर मान खाली घालून पुस्तकं दिली-घेतली. ही एक ओळ अशी, की तिच्यावर कुणी बोट ठेवू शकणार नव्हतं.

नेसरीत ती भरबाजारात वाचली गेली. गुंडूची सगळी नोकरी 'आंग्रे'वर झालेली. टोपीच्या पट्टीवर तेच नाव. गाव समजत होतं, गडी जहाजावर होता; त्यानंही कधी खोडून काढलं नव्हतं. दुसऱ्या दिवसापासून चहाच्या टपरीवर सुरू झालं, "गुंडूतात्या, जहाजाला यंदा तरी पाणी लागलं का?"

पत्रात राग नव्हता. 'साहेब, तुमचं खरं हाय. पण तळालाबी आम्ही जहाजच म्हणायचो. फाटकाबाहेर पडायचं तरी किनाऱ्यावर जायची परवानगी काढायला लागायची. आम्ही खलाशीच हुतो, एवढं दोन ओळीत छापा.'

अण्णांनी उत्तर लिहिलं, फाडलं. तळालाही जहाज म्हणतात याची आधी खात्री करावी, असं वाटलं. खात्री झाली, तर वाटलं, दुरुस्ती छापली की लोक म्हणतील, याला तरी काय कळतंय. पुन्हा लिहिलं, पुन्हा फाडलं. असं करता करता लेखांचं पुस्तक व्हायची वेळ आली. मुद्रितं तपासताना तीच ओळ पुढं उभी. त्या दिवशी उत्तर पुन्हा लिहून, पाकिटात घालून ते नेसरीच्या एस.टी.त बसले.

गुंडूची बायको बनाबाई दारात म्हशीसाठी पेंड कालवत होती.

"कुठलं पावणं?"

"कोल्हापूरचा. सोमलिंग. तो लेख... आंग्रेवरचा, मी लिहिला होता."

तिचा हात थांबला नाही. "आलासा व्हय. दोन वर्सं झाली त्यास्नी जाऊन."

अण्णांनी पाकीट पुढं केलं.

"काय लिवलंय?"

"ते खलाशीच होते, असं."

"ते मला ठावं हाय की. मला कशाला सांगतासा? टपरीवर जायचं सोडलं त्यांनी. पोस्टमनची सायकल दिसली, की तेवढं दारात येऊन उभं ऱ्हायचं."

"पुस्तकातही घालतो."

"पुस्तक हितं कोण वाचतंय?" तिनं हात झटकला. "पाकीट न्या माघारी. कार्डावर लिवा, ठळक. त्यांच्याच नावानं. आमच्यात कार्ड दारात यायच्या आदी गाव वाचतंय."

कोल्हापुरात उतरून अण्णांनी कार्ड घेतलं. सात वर्षं न सापडलेले शब्द दोन ओळींत मावले. पत्त्यावर नावाखाली 'खलाशी, आय.एन.एस. आंग्रे' असं मोठ्या अक्षरांत लिहिलं. शेवटी, जन्माच्या सवयीनं, 'उत्तराची वाट पाहत आहे' असंही लिहून गेले.

मेलेल्या माणसाच्या उत्तराची वाट. खोडायला पेन टेकवलं, आणि उचललं. हसायचं तर आता गाव गुंडूला नाही, अण्णांना हसेल.

त्यांनी कार्ड पेटीत टाकलं.