कासवीला पान्हा नसतो

स्लाइड १ : समुद्र

"पडदे ओढा," पुण्याहून आलेले सर म्हणाले, आणि राजारामपुरीतल्या त्या बाळंतपणाच्या दवाखान्याच्या वरच्या हॉलमध्ये, भर दुपारी एक वाजता, भिंतीवर समुद्र पसरला.

दानेश्वरीनं आपल्या बाजूच्या पडद्याचं टोक बोटानं धरून ठेवलं. तेवढ्या फटीतून खालचं फाटक दिसत होतं. फाटकाबाहेर तिची सासू हिराबाई अडीच महिन्यांच्या नातीला मांडीवर घेऊन फुटपाथवर बसली होती. बावड्याहून बसनं आलेली. वॉचमन आत सोडत नव्हता. भेटायची वेळ चार ते सहा.

दानेश्वरी इथली स्टाफ नर्स. सव्वा महिना संपला तशी कामावर हजर झाली होती. बारा तासांची ड्यूटी. घरी पोरगी वाटी-चमच्यानं गाईचं दूध प्यायची आणि ओकायची. गेले चार दिवस तर रात्रीसुद्धा अंगावर नीट धरत नव्हती. दानेश्वरीचं मागणं एवढंच : दुपारी एक तास, पाजायला. दोनदा अर्ज दिला. उत्तराच्या जागी मोठ्या डॉक्टरांनी हे सर बोलावले. विषय : 'समुद्रकासवाकडून शिकूया खंबीरपणा.' हजेरी सक्तीची.

स्लाइड ४ : खड्डा

"ही मादी शेकडो मैल पोहून आलीय. एकटी. वाळू उकरते, शंभर-सव्वाशे अंडी घालते, वर वाळू लोटते आणि लगेच परत समुद्रात. रजा नाही, तक्रार नाही. मागं वळूनसुद्धा बघत नाही!"

मोठे डॉक्टर हसले. मग सगळ्या सिस्टर हसल्या. हसायचं असतं म्हणून.

"डोळ्यांत पाणी दिसतंय? ती रडत नाहीये. अंगातलं मीठ बाहेर टाकतीय."

"ओ पावणं," मागून झुंबरबाईंचा आवाज आला. ही इथली सगळ्यात जुनी आया. निम्म्या पेठेला पहिली आंघोळ हिनं घातलेली. "लटकं कशाला बोलता? कासवी बघत न्हाय म्हणं! कासवी पोरं वाढवती ती निस्त्या नजरंनं. तिला पान्हा नसतोय, म्हणून. ल्हानपणापास्नं कीर्तनात ऐकतोय मी."

"आजी, ती श्रद्धा झाली. हे विज्ञान आहे."

"असंल की. मग तुमच्या इज्ञानात तिची पोरं जगत्यात किती?"

सरांना हा प्रश्न आवडला. त्याची स्लाइड तयार होती.

स्लाइड ५ : हजारात एक

"हजारात एखादं!" सर अभिमानानं म्हणाले. "तरी ती खचत नाही."

तिथं बसलेल्या एकाही बाईनं हजारात एक हा आकडा कधी मान्य केला नव्हता. इथं एक मूल निळं पडलं तर चौघी धावायच्या. एक गेलं तर डबे न उघडता घरी जायचे. आणि हा माणूस नऊशे नव्याण्णव मेलेली पोरं भिंतीवर लावून म्हणत होता, शिका.

मोठ्या डॉक्टरांनी विषय हलका केला. "झुंबरबाईंचं पटलं बुवा आपल्याला. दानेश्वरी सिस्टर, तुम्हीही नजरेनं वाढवा. लेकीचा फोटो आणा, ड्यूटी टेबलाच्या काचेखाली ठेवा. अर्ज मंजूर!"

आता हॉल खरोखर हसला. झुंबरबाई तेवढ्या हसल्या नाहीत. आपलं बोलणं कुठं नेऊन ठेवलं ते बघत राहिल्या.

खालच्या वॉर्डात कुणाचं तरी तान्हं रडलं. कुणाचंही असेल, अंगाला ते कळत नाही. दानेश्वरीच्या छातीत कळ आली आणि पांढऱ्या एप्रनवर दोन ओले गोल उमटले. तिनं हात आडवा धरला. मग काढून घेतला. दिसू दे.

स्लाइड ९ :

(लाइट गेली. त्या वर्षी दुपारचं लोडशेडिंग होतं.)

अंधारात खुर्ची सरकली.

"बसा सिस्टर, जनरेटर लावतायत," डॉक्टर म्हणाले.

"मी खाली जातो, सर."

सात वर्षं ती या इमारतीत शुद्ध बोलली होती. आज माहेरची, शिरोळची बोली तोंडाला आली, आणि तिनं ती येऊ दिली.

"कार्यक्रम सोडून गेलात तर उद्यापासून येऊ नका."

"कासवीला पान्हा न्हाय, सर. मला हाय. तासानं येतो. मग काय सांगायचं ते सांगा."

स्लाइड नाही

"केरबा, फाटक उघड."

"चारच्या आत भेटायला सोडू नका म्हणल्यात, सिस्टर."

"ती भेटायला आलेली न्हाय. जेवायला आलीया."

केरबानं एप्रनकडं बघितलं, मान खाली घातली आणि कडी काढली.

ओपीडीच्या बाकावर नंबर लावून बसलेल्या पोटुशा बायका सरकल्या. एकीनं काही न विचारता पदराचा आडोसा धरला. दानेश्वरीनं लेकीला जवळ घेतलं. लेकीनं नाक लावलं, हुंगलं आणि तोंड फिरवलं.

दूध तिच्या गालावरून ओघळून कानात गेलं.

"वाटीची सवं लागली गं," हिराबाई पुटपुटली. "माझंच चुकलं."

"न्हाय, अत्ती. तुमचं काय बी चुकल्यालं न्हाय."

वरती जनरेटर धडधडला. थोड्या वेळानं टाळ्या ऐकू आल्या.

डोकं कोपराच्या खळग्यात. पोट पोटाला. गालाला बोट लावायचं, ओठ आपणहून उघडायची वाट बघायची, ओढायचं नाही. याच दवाखान्यात शेकडो जणींना तिनं हे शिकवलं होतं. तिनं लेकीला दुसऱ्या अंगाला घेतलं, गालाला बोट लावलं आणि वाट बघत बसली.