ईलिंगचा सूर्य बुडेना

आमच्या शिमोननं मुंबईच्या हॉटेलात एकदा ट्रंपेटवर असा वरचा सूर लावला, की बंदरातल्या बोटीला दुसऱ्या बोटीचा भोंगा वाटला. कप्तान नांगर उचलून निघाला. निम्मे उतारू धक्क्यावरच. खोटं वाटत असेल तर त्या उतारूंना विचारा.

ते दुसऱ्या महायुद्धाआधीचं. सात जणांच्या त्या जॅझ बँडमधले एकोणसत्तरच्या जूनमध्ये तिघंच उरलो होतो, तिघंही बेने इस्राएल, म्हणजे कोकणातले ज्यू. पियानोवाला इमॅन्युएल आणि ड्रमवाला मी, सॅम्युअल, गेल्या वीस वर्षांपासूनचे लंडनकर. शिमोन नुकताच लंडनमध्येच, ईलिंगला मुलीकडे आला होता. त्याचे पुढचे दात हलत होते, सोमवारी डेंटिस्ट ते काढणार होता. दात गेले की ट्रंपेट गेला. त्याआधी एक रेकॉर्ड व्हायला हवी होती.

इमॅन्युएलनं स्टुडिओ ठरवला. शनिवार, संध्याकाळी सात ते दहा. "शिमोन शब्बाथ पाळतो ना, सुटल्या सुटल्या सुरुवात."

सात वाजता स्टुडिओच्या दारात लख्ख ऊन. शिमोन मुलीच्या घरून चालत आला. ट्रंपेट इमॅन्युएलच्या गाडीत होता. त्याकडे शिमोननं बघितलंसुद्धा नाही; शुक्रवारच्या सूर्यास्तापासून शब्बाथ सुटेपर्यंत तो वाद्याला हात लावत नसे.

"आभाळात तीन तारे दिसू देत, मगच शब्बाथ सुटतो," तो म्हणाला.

"अरे बाबा, इथं जूनमध्ये तारे दहानंतर!" मी म्हणालो. "इमॅन्युएल, तुला ठाऊक नव्हतं?"

"शब्बाथ सातला सुटतो," इमॅन्युएल पुटपुटला. "आमची आई सातला…"

"मुंबईत, शहाण्या!"

वीस वर्षांत त्यानं इथं एकही शब्बाथ पाळला नव्हता. त्याच्या डोक्यातला शब्बाथ अजून मुंबईच्याच घड्याळावर चालत होता.

"काल जेवताना खिडकीत ऊन बघून मलाही शंका आली," शिमोन म्हणाला. "वाटलं, तुम्ही लंडनवाल्यांनी काही सोय केली असेल."

"सूर्याची? कौन्सिलला फोन करून?" मी म्हणालो.

स्टुडिओतला गोरा म्हणाला, दहाला कुलूप. उद्या संडे, बंद.

"एकदाच वाजव रे," इमॅन्युएल काकुळतीला आला. "देव समजून घेईल."

"देवाचं नको सांगू. हॉटेलात शुक्रवारी रात्री मी कधी वाजवलं होतं?"

नव्हतं. शुक्रवारी आम्ही त्याची जागा मोकळी सोडून वाजवायचो. आत्ताही तेच केलं, दुसरं सुचलंच नाही. म्हातारे हात, गुडघे दुखत होते. शिमोन कोपऱ्यातल्या खुर्चीवर ओठ मिटून बसला होता. त्याची पाळी आली की मी फक्त ताल धरायचो, इमॅन्युएल डाव्या हातानं हळू साथ द्यायचा. दहाला गोऱ्यानं रेकॉर्डिंगचं मशीन बंद केलं. बाहेर आलो तर आभाळ नुसतं राखाडी, आणि त्यात ढग. तारा एकही नाही.

पुढच्या महिन्यात रेकॉर्ड आली. एजवेअरला इमॅन्युएलच्या घरी ऐकायला बसलो. त्याच्या बायकोनं, मझलनं, शिमोनसाठी मऊ भात केला होता. त्याच्या गालाची सूज उतरली होती, नवे दात अजून बसायचे होते. पियानो चालला, ड्रम चालले, मग शिमोनच्या ट्रंपेटची ती मोकळी जागा आली. इमॅन्युएल खाली बघत राहिला.

"सॅम्युअल," शिमोन बोळक्या तोंडानं म्हणाला, "इथं जरा मोठ्यानं लाव."

मी आवाजाचं बटण पिळलं.