चिपळूण गाडीची नऊ गाणी

चारुशीला कराड डेपोत कंडक्टर. कराड–चिपळूण गाडीवर तिला अकरा वर्षं झाली होती. परतीच्या फेरीला गाडी निम्मी रिकामी असायची, तेव्हा ती गाणी रचायची, म्हणायची. त्यातल्या नऊ गाण्यांचा तिचा पहिला अल्बम होत होता. आठ झाली होती. नववं आज, साताऱ्यात नईमच्या स्टुडिओत.

गाण्यात ती विचारते, ‘गाडीवाल्या, किती लांब गाव?’ आणि दुसरा आवाज म्हणतो, ‘ह्ये काय, आलंच की!’ त्या उत्तरासाठी ऋषिराज नावाचा शिकलेला गायक आला होता. सूर चोख. पण सहा टेक झाले तरी गाणं जागचं हलेना.

“ताई, चूक कुठंच नाही,” नईम म्हणाला. “पण मजा येत नाहीये.”

चारुशीलानं हेडफोन काढला. एकदम तिच्या लक्षात आलं, ही ओळ तिची नव्हतीच. घाटात ती प्रश्न गुणगुणायची आणि पुढून ड्रायव्हर सिकंदरभाई गमतीनं उत्तर द्यायचे. तिनं लगेच फोन लावला.

“भाई, ड्युटी संपली?”

“आत्ताच गाडी लावली. का वो बाई?”

“असेच साताऱ्याला या. गाणं म्हणायचंय.”

“चेष्टा करताय व्हय?”

“गाडीत म्हणता ना, तेवढंच म्हणायचं.”

ऋषिराज रागावला नाही. “मी थांबतो,” म्हणाला. “मला ऐकायचंय.” गिटारवाल्या अनीशला मात्र पाचच्या गाडीनं पुण्याला जायचं होतं, तो सारखा घड्याळ बघत होता.

सव्वाचारला सिकंदरभाई खाकी कपड्यांतच हजर झाले. माइकसमोर उभे राहिले आणि त्यांचा आवाजच फुटेना.

“म्होरं काच हाय,” ते कसनुसं हसले, “पण रस्ता न्हाई.”

चारुशीलानं खुर्ची ओढली. “बसा. मी मागं उभी राहते, रोजच्यासारखी.”

ते बसले. अनीशनं गिटार छेडली. चारुशीलानं मागून विचारलं, ‘गाडीवाल्या, किती लांब गाव?’ आणि सिकंदरभाईंनी मान न वळवता, लांबलचक हेल काढून, मिश्किलपणे उत्तर दिलं, ‘ह्ये काऽऽय, आलंच की!’

चारुशीलाच्या अंगावर काटा आला. काचेपलीकडं ऋषिराज मांडीवर ठेका धरून डोलायला लागला. दुसऱ्या कडव्याला तिचा आवाज असा मोकळा सुटला, की नईम खुर्चीतून उठून उभाच राहिला.

गाणं संपलं. नईम धावत आत आला. “झालं! ताई, हाच टेक! अल्बम पुरा झाला!”

चारुशीला हसत होती, डोळे पुसत होती. सिकंदरभाईंनी फोन काढून बायकोला लावला. “मदिना, ऐक. आवं नईमभाई, वाजवा की मोठ्यानं!” सगळं गाणं त्यांनी स्पीकरपुढं फोन धरून तिला ऐकवलं.

मग हळूच म्हणाले, “बाई, आणखी एकदा म्हणू या?”

“आता गरज नाही, चाचा,” नईम म्हणाला.

“गरजेचं न्हाई वो. लय मजा आली म्हणून!”

अनीशनं घड्याळाकडं पाहिलं. पाचची गाडी सोडून दिली आणि गिटार पुन्हा मांडीवर घेतली.